माठ सोडू वाटंना

सुशीला,

तू गेलीस त्या दिवशी सकाळी तुझ्या कपाळावर हात ठेवला. अंगणात माणसं जमली होती, तुझा मुलगा दाराशी उभा होता, आणि मला, जळलं मेलं माझं लक्षण, रडू यायच्या आधी शब्द आठवला. कोल्ड. लगेच तुझा आवाज कानात आला, की कमल, हात का काढून घेतलास ते आधी सांग. हात मी काढून घेतला होता खरा. परत ठेवला, आणि तुझ्या सुनेनं येऊन उठवेपर्यंत तसाच ठेवून बसले.

आता तुझी मुलगी मागं लागली आहे, मावशी, आईवर काहीतरी लिहा. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे ती स्वतः लिहिणार आहे. मला म्हणाली, तुम्ही तुमच्या दोघींचं लिहा. दोघींचं काय लिहायचं? आपण जन्मभर भांडलो. त्यातलं एक भांडण राहून गेलं होतं. तू एकदा माझ्याशी आठवडाभर का बोलली नाहीस, हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं. ते परवा कळलं, तेही तुझ्याच पुण्यानुमोदनाच्या मांडवात, सगळ्यांसमोर. मला तुझा राग आलेला आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तू मला ओळखून आहेस.

सत्तर सालानंतरची ती वर्षं. मी वालूरची, घरची शेती, बीएस्सी झालेली आणि त्याचा तोरा असलेली. तू पेडगावची, आईबाप दुसऱ्याच्या रानात कामाला, बौद्ध वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. एकाच संस्थेच्या शाळेत आपण लागलो, मी विज्ञानाला, तू इंग्रजीला. शाळा खेड्यात आणि आपली खोली पूर्णेत, स्टेशनच्या मागं. घरमालक रेल्वेत गार्ड होता, तेलुगू माणूस. आपल्या जातीपातीशी त्याला काही घेणं नव्हतं, फक्त तो ड्युटीवरून येऊन झोपला की भांडी वाजवायची नाहीत एवढंच त्याचं म्हणणं होतं. शाळेच्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं आता बदलली आहेत, आणि माझी भाचीही त्याच गावात दिली आहे.

खोलीतला माठ आपण दोघींनी मिळून आणला होता, होळी झाल्यावर, बाजारातून. तू बोटाच्या पेरानं टकटक वाजवून सहा-सात माठ नाकारलेस, तेव्हा कुंभारीण वैतागून म्हणाली होती, बाई, माठ घ्यायलीस का नवरा बघायलीस. येताना आळीपाळीनं कडेवर घेतला. खाली वाळू, भोवती ओलं फडकं. त्यातलं पाणी तू मला द्यायचीस, मी तुला द्यायची, त्यात कधी विचार करावा लागला नाही.

शाळेत तसं नव्हतं. ओसरीत एक मोठा माठ होता. मधल्या सुट्टीत शिपाईमामा लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पाणी काढून पोरांच्या ओंजळीत ओतायचे. सगळ्यांना ओंजळीतच, म्हणून हेडमास्तर पाहुण्यांना सांगायचे की आमच्या शाळेत भेदभाव बिलकुल नाही. पण माठाला खेटून उभी राहणारी, हळूच त्याच्या ओल्या पोटाला गाल लावणारी पोरं ठरलेली होती. आणि चार हात लांब थांबून ओंजळ पुढं करणारी पोरंही ठरलेली होती, ती बौद्ध वस्तीतली. कुणी त्यांना तसं सांगताना मी ऐकलं नाही. पोरं घरूनच ते शिकून यायची. तू शाळेत पाणी पीत नव्हतीस. संध्याकाळी एसटीतून उतरून खोलीवर आलीस की चप्पल काढायच्या आधी माठाकडं जायचीस. मी ते बघत होते. त्याबद्दल आपलं बोलणं मात्र कधी झालं नाही.

बोलणं व्हायचं ते शब्दांवर. पाचवीच्या पुस्तकात धड्याखाली शब्दार्थ दिले होते. कूल म्हणजे थंड. कोल्ड म्हणजे थंड. एका पोरानं उठून विचारलं, बाई, दोन्हीचं एकच तर मग दोन कशाला ठेवले? झालं. तू खोलीवर आलीस ती तेच डोक्यात घेऊन. भाकरी करपली, तरी तुझं लक्ष नाही.

मी म्हटलं, अगं त्यात काय एवढं. कमी थंड ते कूल, जास्त थंड ते कोल्ड. अंशांचा फरक. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेच्या कपाटातला थर्मामीटर आणून आपल्या माठात बुडवला. पारा पंचविसाच्या आसपास थांबला. मी विजयी मुद्रेनं म्हटलं, हे बघ, हे तुझं कूल. तू शांतपणे विचारलंस, कमल, पौषात शाळेच्या फळ्यावर तू दुपारचं तापमान लिहीत होतीस, ते किती असायचं? तेही तेवढंच असायचं. तू म्हणालीस, त्या दुपारी तू म्हणली होतीस, आता जरा ऊब आली, आन् स्वेटर काढला होतास. मी सांगायला लागले की ती हवा आणि हे पाणी. तू म्हणालीस, मंग तुझा पारा काय कामाचा?

तुझं म्हणणं एवढंच होतं, की कूल म्हणजे माणूस मागून घेतो ते, आणि कोल्ड न मागता अंगावर येतं. गारवा सुटला की आपण बाज अंगणात काढतो, गारठा पडला की दार लावून घेतो, तसंच ते. मी म्हटलं, हे कुठलं शास्त्र?

तू म्हणालीस, "शास्त्र न्हाई. भाषा हाय."

मीही सोडणारी नव्हते. मग स्टेशनवर लोक कोल्ड्रिंक मागून पितात त्याचं काय, असं मी विचारलं, तेव्हा तू दोन दिवस अडकून पडलीस. तिसऱ्या दिवशी एसटीत बसता बसता म्हणालीस की ते नाव दुकानदारानं ठेवलंय, त्याला काय कळतंय. कंडक्टरला वाटलं आपण त्याच्याविषयी बोलतोय. तो पूर्ण रस्ताभर आपल्याकडं रागानं बघत होता. सुशीला, त्या प्रवासात आपण जेवढं हसलो तेवढं नंतर कधी हसलो का गं?

मग तू ठरवलंस की पोरांना सांगायचं नाही, दाखवायचं. ही तुझी पद्धतच होती. सॉफ्ट शिकवायला तू शेळीचं पिल्लू वर्गात आणलं होतंस, बिटरसाठी आख्ख्या वर्गाला कडुलिंबाचा पाला खायला लावला होतास. एकदा शब्द मनात शिरला की तुला भूक, तहान, घंटा कशाचं भान राहायचं नाही. निदान मला तसं वाटायचं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं मी जे बोलले ते यावर विसंबून बोलले.

कोल्डसाठी बर्फ लागणार होता. स्टेशनजवळच्या सोडावॉटरवाल्याकडून तू लादीचा तुकडा घेतलास, लाकडाच्या भुशात घालून गोणपाटात बांधलास, आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलीस. चैत्र होता. गाव येईपर्यंत तुझं लुगडं, माझं लुगडं, शेजारच्या म्हातारीचं गाठोडं, सगळं भिजलं. म्हातारी म्हणाली, लेकी, पोटातलं लेकरू न्यायलीस तसं काय न्यायलीस? तू सांगितलंस, धडा न्यायले. शाळेत पोचेस्तोवर त्याचं मुठीएवढं ढेकूळ उरलं होतं.

माझा सातवीचा वर्ग शेजारीच होता. मी पोरांना आकृती काढायला लावून दारात येऊन उभी राहिले. तू ते ढेकूळ फोडून एकेकाच्या तळहातावर खडा ठेवलास. पोरं किंचाळून खडे टाकायला लागली, या हातातून त्या हातात करायला लागली. तू म्हणवून घेतलंस, कोल्ड. मग सगळ्यांना रांगेनं ओसरीत आणलंस आणि म्हणालीस, आता माठाच्या पोटाला हात लावा आणि लावून ठेवा.

मागच्या रांगेपासून सुरुवात केलीस. मागच्या रांगेत वस्तीतली पोरं बसायची. पहिलं पोरगं माठासमोर येऊन थांबलं, शिपाईमामांकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. तू मान हलवलीस. त्यानं तळहात टेकवला आणि त्याचे डोळे मिटले. एकामागून एक सगळे आले. शेवटी पहिल्या बाकावरची सुमन आली, संस्थेतल्या पाटलांची मुलगी. तिनं दोन्ही हात लावले. तू विचारलंस, सांगा, काय फरक? कोण बोललं ते मला दिसलं नाही, पण बोललं ते अजून ऐकू येतं.

"बाई, बर्फ सोडू वाटतो. माठ सोडू वाटंना."

तू माझ्याकडं बघितलंस. तुझा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, हरले बाई मी. पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, पोरांचं काय ऐकतेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले होते. ओरडत नव्हते. ओरडणारा माणूस परवडतो. शांतपणे म्हणाले, घरचा माठ बाटला तर आमी भाईर फेकून देतो, शाळंच्या माठाचं काय करायचं ते तुमी सांगा. हेडमास्तर घाम पुसत होते. तुझी नेमणूक कच्ची होती, जूनमध्ये कायम व्हायची होती, आणि ते पाटलांच्या एका शब्दावर होतं. तुझ्या पगारावर पेडगावला चार माणसं खात होती. तुला बोलावलं तेव्हा मीही न बोलावता मागोमाग आले. पाटलांनी तुला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाई, तुमाला म्हाईत नव्हतं का?"

तू मान वर केलीस. तोंड उघडलंस. आणि त्याच्या आत मी बोलले.

"तिच्या मनात काही नव्हतं," मी म्हणाले. "ती शब्द शिकवत होती."

आणि मग मी सुटलेच. शेळीचं पिल्लू सांगितलं, कडुलिंब सांगितला, ही कशी शब्दापायी येडी होते ते सांगितलं. हेडमास्तर हसले. पाटीलही जरासे हसले. म्हणाले, ठीक हाय, नकळत झालं असं धरून चालू, पोरं आपापलं पाणी घरून आणतील. नोकरी वाचली. तू माझ्याकडं न बघता वर्गावर गेलीस.

त्यानंतर आठवडाभर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. एका खोलीत दोन बायका, आणि आवाज फक्त स्टोव्हचा. ताट वाढून ठेवायचीस, एसटीत दुसऱ्या बाकावर बसायचीस. मी आधी समजूत काढली, मग चिडले, मग रडले. शेवटी एका संध्याकाळी तू म्हणालीस, "तुला कुणी विचारलं होतं?"

मी म्हटलं, नोकरी गेली असती तुझी, येडे.

"गेली असती तर माझी गेली असती."

एवढं बोलून तू माठातलं पाणी काढलंस, पेला माझ्या हातात दिलास आणि विषय मिटवलास. मीही मिटवला. मला वाटलं, येडी म्हटल्याचा राग आला असेल. चारचौघांत तुला येडी म्हणायला नको होतं, एवढाच धडा मी घेतला.

शाळेत पोरं घरून फिरकीच्या झाकणाचे तांबे आणायला लागली. तुला आठवतं? पितळेचे तांबे, चैत्रातलं ऊन. मधल्या सुट्टीपर्यंत त्यातलं पाणी चहाला आधण ठेवावं तसं व्हायचं. पोरं एक घोट घ्यायची आणि ओसरीकडं बघायची. माठ तिथंच होता, कारण तो फेकायचा कुणी हे ठरेना. आधी एक पोरगं गेलं, मग दोन. शिपाईमामा नेमके तेव्हाच डोळे मिटून बसायला लागले. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एक दिवस मी बघितलं, निम्मा वर्ग माठाला हात लावून उभा, आणि त्यात कुणाचं पोर कुठलं हे बघायला कुणी नव्हतं. सगळं बदललं असं मी म्हणत नाही. पुढच्या साली काही घरांतून परत तांबे आले. पण लांब उभं राहणारी पोरं त्या वर्षी जवळ आली ती पुन्हा मागं सरकली नाहीत.

तू कायम झालीस. आपली लग्नं झाली, मी परभणीला आले, तूही मागून आलीस. तुझ्या बाळंतपणात मी, माझ्या ऑपरेशनला तू. आणि ती माठाची गोष्ट मी जन्मभर सांगत राहिले. तुझ्या मुलांना सांगितली, माझ्या सुनांना सांगितली, तुझ्या निवृत्तीच्या समारंभात तर माईकवरून सांगितली. आमच्या सुशीलेच्या मनात काही नव्हतं बघा, शब्दापायी हिनं आख्खा गाव अंगावर घेतला. लोक हसायचे. तू घड्याळाचा पट्टा नीट करत बसायचीस. मला वाटायचं, लाजतेय.

परवा तुझ्या घरासमोर मांडव घातला होता. तसबिरींपुढं मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, आणि मग एकेक जण तुझ्याबद्दल बोलायला उठला. माझा नंबर शेवटचा होता आणि माझी गोष्ट तयार होती. तेवढ्यात एक पांढऱ्या केसांची बाई उठली. म्हणाली, मी सुमन. पाटलांची. मी तिला ओळखलंच नाही.

ती म्हणाली, धड्याच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं होतं. बाई म्हणाल्या, उद्या मी सगळ्यांना माठाला हात लावायला सांगणार हाय, आन् वस्तीतली पोरं तुझ्या आधी लावतील. तुझ्या घरी यावरून बोलणं होईल. तुला नको वाटलं तर तू बाकावरच बस, मी तुला बोलावणार न्हाई आन् रागावणारही न्हाई. सुमन सांगत होती, मी रातभर विचार केला आणि सकाळी दोन्ही हात लावले. घरी मार खाल्ला. पण दुसऱ्या दिवशी कळलं की कमलबाईंनी ऑफिसात सांगितलं, बाईंच्या मनात काही नव्हतं. मला मारापेक्षा त्याचं जास्ती लागलं. मी तर समजून लावले होते.

सुशीला, त्या क्षणी मला मांडव दिसेना. तू एका पाचवीतल्या पोरीला विचारलंस आणि मला नाही? एका खोलीत राहत होतो आपण. एका माठाचं पाणी पीत होतो. बर्फाचं ओझं आपण मिळून वाहिलं, अर्धं लुगडं माझंही भिजलं होतं, आणि मी तो नुसता धडा समजत होते. सांगितलं का नाहीस? सांगितलं असतंस तर मी तुला अडवलं असतं, हे खरंय. कडी लावून खोलीत कोंडलं असतं. तेवढं तू मला ओळखून होतीस. पण नंतर? नंतरच्या इतक्या वर्षांत एकदा म्हणायचं होतंस, की कमल, ती गोष्ट अशी नाही. मी तोंडानं सांगत सुटले आणि तू पट्टा नीट करत बसलीस. माझं मन राखायला? की माझ्यामुळं मिळालेला पगार हातात होता म्हणून? या दुसऱ्याचा विचार करवत नाही मला.

आणि तरी ऐक. मी पाटलांपुढं परत तेच बोलले असते. तू बोलली असतीस तर तुला घरी बसवलं असतं, आणि मग तुझ्या हाताखालून गेलेली ती शेकडो पोरं कुणाच्या हाताखालून गेली असती? यावर आपण आणखी दहा वर्षं सुखानं भांडलो असतो. तू म्हणाली असतीस, न मागता दिलंस ते. मी म्हटलं असतं, मैत्रीण मागायची वाट बघत नसते. तू काहीतरी उत्तर शोधून तिसऱ्या दिवशी येऊन सांगितलं असतंस. ते उत्तर मला हवं होतं गं. फार हवं होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठले. पुढं बसलेली तुझी नातवंडं आधीच हसायच्या तयारीत होती, त्यांना आजीची माठाची गोष्ट पाठ आहे. माईक हातात घेतला आणि सुमनकडं बघितलं, कारण तुझ्याकडं बघायची सोय राहिली नव्हती.

मी म्हणाले, "पाटलांनी त्या दिवशी सुशीलेला विचारलं होतं, तुम्हाला माहीत नव्हतं का. तिचं उत्तर मी तिला देऊ दिलं नाही. ते तिच्या वतीनं आज देते. तिला माहीत होतं."